दूरशिक्षणाने नर्स प्रॅक्टिशनर होताना प्रिसेप्टर कसा शोधावा : सोलापूरहून अमेरिकेत गेलेल्या सिस्टर-ब्रदर मंडळींसाठी

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास मी सुट्टी काढून सोलापूरला घरी येते, तेव्हा माझ्या नर्सिंगच्या बॅचमधल्या मैत्रिणी ओळखीतल्या धाकट्या सिस्टरांना घेऊन भेटायला येतात. कोणी एनसीलेक्सची, म्हणजे अमेरिकेतील नर्सिंग परवान्याच्या परीक्षेची, तयारी करत असते, तर कोणी अमेरिकेत दोन-तीन वर्षे नोकरी करून रजेवर आलेली असते. या दुसऱ्या गटातल्या मुलींचा प्रश्न गेली काही वर्षे बदललेला नाही. “ताई, ऑनलाइन एफएनपीला ॲडमिशन घेतली, थिअरीचे पेपर चांगले गेले, पण प्रिसेप्टरच मिळत नाही. आता काय करू?” एफएनपी म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, रुग्ण स्वतः तपासून उपचार ठरवणारी, पुढचे शिक्षण घेतलेली नर्स; आणि प्रिसेप्टर म्हणजे तिला शिकत असताना दवाखान्यात प्रत्यक्ष शिकवणारी अनुभवी व्यक्ती. एकेकीला तासतासभर बसून जे सांगितले, ते येथे एकत्र लिहीत आहे. मी टेक्सासात नाइट ड्युटी करता करता दुसऱ्या राज्यातील विद्यापीठातून दूरशिक्षणाने फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर झाले. प्रिसेप्टरअभावी माझे एक सत्र वाया गेले. आता मी स्वतः विद्यार्थिनींना शिकायला घेते, त्यामुळे मागणारीची आणि देणारीची अशा दोघींचीही अडचण मला ठाऊक आहे.

आधी एक गैरसमज

‘ऑनलाइन’ या शब्दामुळे सोलापुरात अनेक घरांत असा समज झालेला दिसतो की, येथे नोकरी सांभाळून संध्याकाळी संगणकावर बसले की अमेरिकेची नर्स प्रॅक्टिशनरची पदवी हाती येते. तसे होत नाही. व्याख्याने, चर्चा आणि बऱ्याच परीक्षा संगणकावर होतात हे खरे. परंतु रुग्ण तपासण्याचे तास प्रत्यक्ष करावे लागतात, आणि तेही अमेरिकेतील दवाखान्यात, तेथील परवाना असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली. हे अभ्यासक्रम प्रवेशाच्या वेळीच अमेरिकेतील आरएनचा (रजिस्टर्ड नर्सचा) परवाना मागतात. शिवाय, संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. म्हणून आधी एनसीलेक्स, मग नोकरीच्या मार्गाने तेथे जाणे, काही वर्षे बेडसाइडचे काम आणि त्यानंतर हा अभ्यासक्रम, हाच क्रम धरावा. याखेरीज काही सांगणाऱ्या एजंटाला पैसे देण्यापूर्वी आई-वडिलांनी अमेरिकेतील विद्यापीठाला स्वतः ई-मेल पाठवून विचारावे.

भारतातील नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा अभ्यासक्रम निराळा आहे. तो दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम असून शिकवणारी माणसे त्याच रुग्णालयात असतात, त्यामुळे या लेखातील अडचण तेथे उद्भवत नाही.

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरचे पहिले शिक्षण 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी सुरू केले. अनुभवी नर्सने जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून रुग्ण तपासायला शिकावे, ही पद्धत आजही टिकून आहे. शेजारी उभे करून शिकवणारी ही जाणती व्यक्ती म्हणजे प्रिसेप्टर. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय निकषांनुसार पदवीसाठी थेट रुग्णसेवेचे किमान 750 तास लागतात. त्यापूर्वी ही मर्यादा 500 तासांची होती. दिवसाला आठ तास धरले तरी हे जवळजवळ 94 दिवस होतात. आठवड्याला तीन नाइट करणाऱ्या बाईने हे 94 दिवस कोठून काढायचे आणि कोणाच्या दवाखान्यात घालवायचे, याचा विचार पहिल्या सत्रातच सुरू झाला पाहिजे. मुली तो विचार चौथ्या सत्रात करतात, आणि तेथेच गाडी अडते.

फी भरण्यापूर्वी विद्यापीठाला काय विचारावे

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : प्रिसेप्टर विद्यापीठ शोधून देते की विद्यार्थिनीने शोधायचा असतो? काही विद्यापीठे जागा स्वतः ठरवून देतात, काही फक्त मदत करतात, तर काही ठिकाणी सगळा भार विद्यार्थिनीवर असतो. ‘आम्ही मदत करतो’ या उत्तरावर समाधान मानू नये. मदत म्हणजे तुमच्या शहरात फोन करणारा माणूस, की पाच वर्षांपूर्वीच्या दवाखान्यांची यादी, हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर ई-मेलवर लेखी घ्यावे. फोनवरच्या गोड बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही, हे मी अनुभवाने सांगते. ठरलेल्या तारखेपर्यंत प्रिसेप्टर मिळाला नाही तर सत्र पुढे ढकलता येते का, आणि भरलेल्या फीचे काय होते, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

दुसरा प्रश्न राज्याचा आहे. तुम्ही राहता त्या राज्यात, आणि तास करणार त्या राज्यात, या विद्यापीठाला विद्यार्थी घेण्याची परवानगी आहे का? दूरशिक्षणाबाबतचा आंतरराज्य करार बहुतेक राज्यांना लागू असला तरी नर्सिंग बोर्डाची अट वेगळी असू शकते. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जाण्याचा बेत असेल, तर तेथील नियमही आताच पाहून ठेवावेत. अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन यांसारख्या संस्थेची मान्यता आहे याची खात्री करावी, कारण ती नसेल तर नंतरच्या सर्टिफिकेशन परीक्षेचे दार बंद होते.

कोण चालतो, कोण चालत नाही

साधारणपणे आपल्याच शाखेचा अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर किंवा एमडी अथवा डीओ पदवीचा डॉक्टर चालतो. स्त्रीआरोग्याच्या तासांसाठी सर्टिफाइड नर्स मिडवाइफही चालते. फिजिशियन असिस्टंटच्या बाबतीत विद्यापीठांचे नियम वेगवेगळे आहेत. परवान्यावर कोणतीही कारवाई नसावी आणि किमान एक वर्षाचा अनुभव असावा, अशी अट बहुतेक ठिकाणी असते. नातेवाईक चालत नाही, थेट वरिष्ठ चालत नाही, आणि स्वतःच्या वॉर्डात पगारी ड्युटी करताना केलेले तास धरले जात नाहीत. फॅमिलीच्या विद्यार्थिनीला लहान मुले, स्त्रिया, प्रौढ आणि वृद्ध असे सर्व वयोगट पाहावे लागतात, म्हणून एकाच प्रिसेप्टरवर भागत नाही. मुलांचा दवाखाना आणि स्त्रीरोगाचा दवाखाना मिळायला सर्वांत अवघड असतात. त्यांचा शोध सर्वांत आधी सुरू करावा आणि सर्वसाधारण फॅमिली प्रॅक्टिसचा नंतर.

शोध कोठे घ्यावा

माझे वडील चादरीच्या कारखान्यात मुनीम होते. येणे वसूल करण्यासाठी त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक चोपडी असे. प्रत्येक ओळीत नाव, तारीख, कोण काय बोलले, आणि शेवटच्या रकान्यात ‘पुन्हा केव्हा’ असे लिहिलेले असे. प्रिसेप्टरच्या शोधासाठी मी तशीच एक चोपडी केली होती. ती अजून माझ्याकडे आहे. तिच्यात एकेचाळीस दवाखान्यांच्या नोंदी आहेत आणि होकार दोन आहेत. त्यांतला एक होकार ‘पुन्हा केव्हा’ या रकान्यामुळे तिसऱ्या खेपेला मिळाला. ज्या ऑफिस मॅनेजरने मार्चमध्ये ‘आमच्याकडे आधीच एक विद्यार्थिनी आहे’ असे सांगितले, तिनेच ऑगस्टमध्ये ‘ती मुलगी संपवून गेली, तुम्ही या’ असे सांगितले. मी परत विचारले नसते तर तिला माझी आठवण राहण्याचे काही कारण नव्हते.

यादी करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे एनपीआय रजिस्ट्री. अमेरिकेत विम्याचे बिल करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि नर्स प्रॅक्टिशनरला दहा अंकी एनपीआय क्रमांक असतो, आणि त्यांची सरकारी नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. तेथे शहर आणि शाखा टाकली की नावे व दवाखान्यांचे पत्ते मिळतात. पत्ते जुने असू शकतात, म्हणून नाव राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या परवाना-शोधात टाकून पडताळावे. या एका संध्याकाळच्या कामातून घरापासून चाळीस मिनिटांच्या अंतरावरची साठ-सत्तर नावे हाती येतात.

यादी तयार झाली की मोठ्या रुग्णालय समूहांपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. त्यांचे विद्यार्थ्यांसाठी वेगळे कार्यालय असते, स्थानिक विद्यापीठांशी आधीच करार झालेले असतात आणि बाहेरगावच्या ऑनलाइन विद्यार्थिनीचा नंबर शेवटी लागतो. तरीही तुम्ही ज्या रुग्णालयात नोकरी करता तेथील त्या कार्यालयात अर्ज अवश्य द्यावा, कारण कर्मचाऱ्यांना काही ठिकाणी प्राधान्य मिळते. खरा भर मात्र एक-दोन डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यांवर, गावाकडच्या रूरल हेल्थ क्लिनिकांवर आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कम्युनिटी हेल्थ सेंटरांवर द्यावा. ही सेंटरे कोठे आहेत ते एचआरएसए या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून शोधता येते. तेथे विमा नसलेले, इंग्रजी न बोलणारे, दोन-तीन आजार एकत्र असलेले रुग्ण येतात. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत ज्याने काम केले आहे, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे रुग्ण एकाच रांगेत पाहिले आहेत, विडी कामगार बाईचा जुना खोकला आणि यंत्रमाग कामगाराचे ऐकू न येणे ओळखले आहे, त्या व्यक्तीला तेथे परके वाटत नाही. ही गोष्ट मुली अर्जात लिहीतच नाहीत; ती लिहावी.

आता ओळखीविषयी. सोलापुरात आपण ओळख म्हटले की वशिला समजतो, आणि स्वाभिमानी मुलगी वशिल्यापासून दूर राहते. परंतु तेथे एकमेकांची शिफारस करणे ही व्यवसायातील उघड आणि मान्य रीत आहे. आपल्याबरोबर नाइट करणाऱ्या हॉस्पिटलिस्टला (फक्त रुग्णालयातील दाखल रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला), वॉर्डात येणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरला, आपल्या स्वतःच्या फॅमिली डॉक्टरला आणि मुलांच्या डॉक्टरला विचारावे. दर राज्यात नर्स प्रॅक्टिशनरांची संघटना असते. तिच्या स्थानिक शाखेच्या बैठकीला विद्यार्थी सभासद म्हणून जावे आणि पहिल्या भेटीत काही न मागता फक्त ओळख करून घ्यावी. भारतीय नर्सेसची नायना ही राष्ट्रीय संघटना 2006 पासून काम करते आणि तिच्या शाखा अनेक राज्यांत आहेत. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची आपी ही संघटनाही आहे. तेथे आपण राहतो त्या गावचे महाराष्ट्र मंडळ तर असतेच, आणि गणेशोत्सवात शेजारी बसलेले काका एखाद्या बालरोगतज्ज्ञाचे वडील निघतात. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात 1963 पासून डॉक्टर घडत आहेत आणि त्यांतले कितीतरी अमेरिकेत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला ‘सर, मी सिव्हिलच्या मेडिसिन वॉर्डात होते’ एवढे सांगितले तरी पुढची पाच मिनिटे तुमची असतात. मला दुसरा होकार असाच मिळाला. त्या डॉक्टरांनी प्रिसेप्टर होण्यास नकार दिला, मात्र आपल्या भागीदार नर्स प्रॅक्टिशनरला माझ्यासमोरच फोन लावला.

कसे विचारावे

मला सर्वांत जास्त येथेच सांगायचे आहे, कारण आपल्या मुली हुशारीत कमी पडत नाहीत, विचारण्यात कमी पडतात. ‘त्या किती कामात आहेत, त्यांना कशाला त्रास’ असे म्हणून दारातून परत येतात. आपल्याकडे म्हण आहेच की भीड ही भिकेची बहीण. प्रिसेप्टरला विचारणे म्हणजे उपकार मागणे आहे हे मान्य करावे, आणि तरीही विचारावे. ज्यांना तुम्ही विचारणार आहात त्यांनाही कोणीतरी असेच फुकट शिकवलेले असते.

ई-मेल लहान असावा. त्यात काय हवे ते मी मराठीत लिहिते. पाठवताना अर्थातच तो इंग्रजीत पाठवायचा. ‘मी अमुक रुग्णालयात इतकी वर्षे आरएन आहे आणि अमुक विद्यापीठात फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या अमुक सत्रात शिकते. मला येत्या जानेवारी ते एप्रिल या काळात मुलांच्या आजारांचे 120 तास करायचे आहेत, म्हणजे आठवड्यातून एक दिवस. करार, विमा आणि कागदपत्रे विद्यापीठ पाहते. आपल्याला शक्य असल्यास मी येऊन दहा मिनिटे भेटू इच्छिते. हे तास शक्य नसतील तर आपल्या ओळखीतील कोणाचे नाव सुचवावे, ही विनंती.’ शेवटचे वाक्य गाळू नये. नकार देणारा माणूसही त्यामुळे काहीतरी देऊन जातो. किती तास, कोणते महिने, कोणते दिवस हे आकडे नसलेला ई-मेल वाचणाऱ्याला ‘मला शिकवा’ एवढेच सांगतो, आणि त्याला उत्तर काय द्यावे हे कळत नाही.

आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर स्वतः जावे. सोमवारी आणि सुट्टीनंतरच्या दिवशी जाऊ नये, सकाळी तर मुळीच जाऊ नये. मी एका बुधवारी दुपारी दीड वाजता गेले होते. रिसेप्शनच्या काचेमागे ऑफिस मॅनेजर डबा खात बसल्या होत्या. मी ‘तुमचे जेवण होऊ द्या, मी थांबते’ असे म्हणून खुर्चीवर बसले. दहा मिनिटांनी त्यांनी मला हाक मारली, माझा एक पानी कागद उभ्यानेच वाचला आणि ‘मंगळवार, गुरुवार’ या शब्दांवर बोट ठेवून विचारले, “हेच दिवस का?” माझ्या नाइट त्या दिवसांच्या आदल्या रात्री नसतात, असे मी सांगितले. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले आणि दाखवले की गुरुवारी त्यांच्याकडे तपासणीच्या तीनच खोल्या असतात. चौथ्या खोलीत त्या दिवशी सोनोग्राफीवाले बसतात. विद्यार्थिनी उभी कोठे राहणार? “बुधवार चालेल?” मी लगेच हो म्हटले, आणि घरी जाऊन माझी ड्युटी बदलून घेतली. माझे मार्क्स त्यांनी विचारले नाहीत. दवाखान्याला तुमच्यामुळे किती खोल्या, किती मिनिटे आणि किती कागद वाढतील, याचे उत्तर मिळाले की अर्धे काम होते. ते उत्तर बहुधा डॉक्टरच्या नव्हे, ऑफिस मॅनेजरच्या हाती असते. म्हणून त्यांच्याशी आदराने, त्यांचे नाव लक्षात ठेवून बोलावे.

प्रिसेप्टरला यातून काय मिळते, हेही माहीत असावे आणि योग्य वेळी सांगावे. एएनसीसी या नर्सेसना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या सर्टिफिकेटचे नूतनीकरण करताना विद्यार्थ्यांना शिकवण्याचे 120 तास व्यावसायिक विकासात धरता येतात. जॉर्जिया, मेरिलँड आणि हवाई या राज्यांत प्रिसेप्टरांना काही अटींवर आयकरात सवलत मिळते. मात्र विद्यापीठ त्याच राज्यातील असावे, अशी अट असू शकते, म्हणून आधी वाचून मगच सांगावे. काही विद्यापीठे त्यांना ग्रंथालय वापरू देतात किंवा मानद अध्यापकाचे पद देतात.

पैसे घेऊन प्रिसेप्टर जोडून देणाऱ्या कंपन्या आहेत. मी त्यांना सरसकट वाईट म्हणणार नाही. सत्र बुडण्याची वेळ आली तर काहींना त्यांचा उपयोग झाला आहे. परंतु रक्कम मोठी असते आणि ती प्रत्येक रोटेशनला, म्हणजे एकेका विषयाच्या तासांच्या टप्प्याला, नव्याने द्यावी लागते. आपल्या विद्यापीठाला अशी व्यवस्था चालते का, प्रिसेप्टर आयत्या वेळी हटला तर पैसे परत मिळतात का, आणि त्याचे नाव पैसे भरण्यापूर्वी कळते का, ही तीन उत्तरे लेखी मिळाल्याखेरीज कार्ड काढू नये.

कागदपत्रे, आणि सोलापुरातच करून ठेवण्याची कामे

होकार मिळाला म्हणजे काम झाले, असे नाही. विद्यापीठ आणि दवाखाना यांच्यात करार व्हावा लागतो. लहान दवाखान्याची सही आठवडाभरात होते. मोठ्या संस्थेचे वकील दोन-तीन महिने घेतात. म्हणून तास सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी होकार हातात असावा, आणि शोध वर्षभर आधी सुरू व्हावा.

तुमच्या बाजूने आरएनचा परवाना, बीएलएसचे (प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचे) कार्ड, विमा, पार्श्वभूमीची तपासणी, ड्रग टेस्ट आणि लसींचे पुरावे लागतात. लसींपाशी आपल्या मुली हमखास अडतात. लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड घरात कोणाकडेच नसते. ते शोधत बसण्यापेक्षा गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घ्यावी. हिपॅटायटिस बीच्या तपासणीत दहा किंवा त्याहून अधिक पातळी संरक्षक मानतात. रजेवर सोलापूरला आलेल्या मुलींनी या तपासण्या येथेच करून अहवाल बरोबर न्यावा, मात्र परदेशी अहवाल चालतो का, हे विद्यापीठाला आधी विचारावे.

क्षयरोगाची चाचणी ही दुसरी अडचण. आपल्या सगळ्यांना जन्मतः बीसीजी दिलेली असते, आणि त्यामुळे त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरचे पत्र आणि दोन आठवड्यांचा उशीर असे सुरू होते. बीसीजी घेतलेल्या व्यक्तीसाठी आयजीआरए ही रक्ताची चाचणी अधिक योग्य मानली जाते. फॉर्म भरतानाच ‘मला लहानपणी बीसीजी दिलेली आहे, आयजीआरए करावी’ असे सांगावे. माझ्या हातावर त्वचेची चाचणी झाली तेव्हा मला हे बोलायचे सुचले नव्हते.

होकार मोडला तर

माझा पहिला प्रिसेप्टर तास सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी गेला. त्या बाईंची काही चूक नव्हती; त्यांचा दवाखाना एका मोठ्या समूहाने विकत घेतला आणि नव्या व्यवस्थापनाने जुने सर्व करार थांबवले. मी विद्यापीठाला कळवायला चार दिवस घालवले, कारण दुसरी जागा शोधून मगच सांगावे असे मला वाटले. त्या चार दिवसांत फी परत मिळण्याची मुदत संपली. तुमच्या बाबतीत असे झाले तर त्याच दिवशी, त्याच तासाला समन्वयकांना ई-मेल करावा, आणि सत्र पुढे ढकलण्याचा लेखी पर्याय मागावा. मग चोपडी उघडून ज्यांनी ‘आता नाही, नंतर’ असे म्हटले होते त्यांना फोन करावेत. प्रत्येक रोटेशनसाठी एक जागा पक्की आणि एक राखीव ठेवावी. राखीव जागेला ती राखीव आहे हे प्रामाणिकपणे सांगावे. खोटे सांगून दोन्ही जागा अडवल्या तर पुढच्या मुलीचे दार बंद होते.

तास सुरू झाल्यावर

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे आधी पोहोचावे आणि त्या दिवसाच्या रुग्णांची यादी आधी वाचून ठेवावी. आपल्याकडे राउंडला मोठे सर येण्यापूर्वी इन्चार्ज सिस्टर फायली लावून ठेवत, तीच सवय तेथे कामी येते. रुग्ण पाहून आल्यावर प्रिसेप्टरला दोन-तीन मिनिटांत सांगायचे असते : कोण, काय तक्रार, काय सापडले, मला काय वाटते आणि मी काय करीन. शेवटची दोन वाक्ये आपल्या मुली गिळून टाकतात, कारण ‘डॉक्टरांना विचारून’ असे म्हणण्याची आपल्याला वर्षानुवर्षांची सवय असते. चुकले तरी आपले मत सांगावे. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थिनीचे मत चुकले तर मला शिकवायला जागा मिळते, पण ती गप्प राहिली तर काय शिकवावे हेच मला समजत नाही.

प्रिसेप्टरचा वेळ दिवसाला किती वाढतो, याकडे लक्ष ठेवावे. शक्य झाले तर आपल्या रुग्णाची नोंद आपणच पूर्ण करून द्यावी, औषधांची यादी पडताळावी, मधुमेहाच्या रुग्णाचे पाय तपासून ठेवावेत. मधुमेहाच्या आहाराविषयी भारतीय कुटुंबाशी बोलायचे असेल तेव्हा ज्वारीची भाकरी, तांदूळ आणि साखरेचा चहा यांच्याविषयी तुम्हीच सर्वांत चांगले बोलू शकता, आणि अशा वेळी दवाखान्याला तुमची गरज भासते. मी शिकत असलेल्या दवाखान्याने दुसऱ्या वर्षी मला आपणहून बोलावले, ते अशा दोन गुजराती आणि एका तेलुगू कुटुंबामुळे.

तासांची नोंद विद्यापीठाच्या प्रणालीत त्याच रात्री करावी, आणि प्रिसेप्टरची मान्यता दर आठवड्याला घ्यावी. सत्राच्या शेवटी एकदम घेऊ म्हणून ठेवू नये. माणसे रजेवर जातात, नोकरी बदलतात, बाळंतपणाला जातात, आणि ऐंशी तासांवर सही करणारे कोणी उरत नाही. शेवटच्या दिवशी मूल्यमापनाचा फॉर्म छापून सोबत न्यावा, निघण्यापूर्वी त्यावर सही घ्यावी, आणि ऑफिस मॅनेजरच्या टेबलापाशी थांबून पुढच्या सत्रात त्यांच्याकडे जागा आहे का, हे विचारावे. स्वतःसाठी नको असेल तर मागून येणाऱ्या मुलीसाठी विचारावे, आणि तिचे नाव व सत्र चोपडीत त्याच ओळीत लिहून ठेवावे.